घरी कालवं स्मोक केली, कडू आणि रबर झाली. काय चुकलं?

नवा_धूरकरी

मंडळी मदत करा. डब्यातली स्मोक्ड ऑयस्टर मला भयंकर आवडतात, डबा उघडला की तेलासकट संपवतो, तर म्हटलं ताजी कालवं मिळतायत, झाकणवाला कोळशाचा ग्रिल घरी पडून आहे, मग आपणच का करू नये. सहा डझन आणली. रविवारी त्यातली चार डझन घेऊन बसलो. पहिली दहा-बारा सुरीने फोडायला गेलो, अंगठा कापून घेतला, मग नाद सोडला आणि बाकीची वाफवून उघडली. तीनचार उघडलीच नाहीत, ती जोर लावून उघडली. मग सगळं मांस नळाखाली स्वच्छ धुतलं आणि तसंच ग्रिलवर मांडलं.

लाकडाच्या चिप्स रात्रभर पाण्यात भिजवल्या होत्या (सगळे व्हिडिओवाले भिजवतात) त्या कोळशावर टाकल्या, असा पांढराशुभ्र धूर निघाला की शेजारचे विचारायला आले आग लागली का. धूर आतच राहावा म्हणून वरचं-खालचं व्हेंट जवळजवळ बंद केलं. झाकणावरचा काटा १६० दाखवत होता. तीन तास ठेवली.

निघालं काय तर काळपट सुरकुतलेले मणी. चार डझनाची एक वाटी भरली नाही. चव इतकी कडू की जीभ बधिर, आणि चावायला खोडरबर. बायकोने एक तोंडात घातलं आणि काही न बोलता उठून गेली.

तर कडू का झाली, रबर का झाली, आणि तिसरं म्हणजे जमल्यावर मला ती तेलात घालून बरणीत भरायचीत, डब्यासारखी, कपाटात महिना दोन महिने राहतील अशी, तर त्याची रीत सांगा. उरलेली दोन डझन फ्रीजमध्ये बादलीत नळाच्या पाण्यात घालून ठेवलीत म्हणजे जिवंत राहतील, या रविवारी परत करणार.

धुराडेकाका

बाबा रे, आधी ती बादली. कालव खाऱ्या पाण्यातला जीव आहे, नळाच्या पाण्यात तो मरतो. टिचकी मारून बघ, जे तोंड मिटत नाही ते टाकून दे, आणि मला वाटतं दोन्ही डझन टाकावी लागतील. पुढच्या वेळी आणलीस की ताटात खोलगट बाजू खाली करून मांड म्हणजे आतलं पाणी सांडत नाही, वर ओला फडका टाक, फ्रीजमध्ये ठेव. पाण्यात नाही, बंद प्लास्टिकच्या पिशवीत नाही, त्यांना श्वास घ्यायचा असतो. आणि वाफवून जी उघडत नाहीत ती उघडायची नसतात, जोर लावायचा प्रश्नच येत नाही.

आता कडूपणा. तुझा पांढरा धूर हाच तुझा गुन्हेगार. भिजवलेली चिप आधी पाणी उडवते, तोवर तिचं नीट जळण होत नाही, वर तू व्हेंट बंद करून हवा तोडलीस, म्हणजे लाकूड नुसतं घुसमटत राहिलं. त्या घुसमटीतून डांबरासारखं जे निघतं ना, क्रिओसोट म्हणतात, ते बसलं तुझ्या कालवांवर. चिमणीच्या आत काळं चिकट साचतं तेच हे. आणि तू मांस धुवून ओलंच ठेवलंस, ओल्यावर ते आणखी चिकटतं. चांगला धूर जवळजवळ दिसत नाही, पातळ निळसर असतो, नाकाला गोड लागतो. डोळ्यात पाणी येतंय म्हणजे कालवं अजून आत ठेवायची वेळ झालेली नाही.

म्हणून चिप्स कोरड्या, एकावेळी मूठभरच, वरचं व्हेंट पूर्ण उघडं, आणि आच कमीजास्त करायची ती खालच्या व्हेंटने. कोळसे एका कडेला सारायचे, कालवं दुसऱ्या कडेला, खाली विस्तव नको. झाकणावरच्या काट्यावर विश्वास ठेवू नकोस, तो वरच्या हवेचं तापमान सांगतो, जाळीजवळ वेगळंच असतं. दहा मिनिटांचं काम करून एक साधा ओव्हनचा थर्मामीटर जाळीवर ठेव. ९० ते १०० डिग्रीच्या आसपास धरायचं. १६० ला तीन तास म्हणजे तू स्मोक नाही केलीस, भाजून वाळवलीस. ते रबर तिथून आलं. कालव एवढंसं, पाणी भरपूर, ते आकसतंच, नीट केलं तरी निम्म्यावर येतं, त्याला तासभर पुरतं, मोठं असेल तर सव्वा-दीड.

लाकूड कुठलं होतं ते नाही लिहिलंस. सफरचंद, चेरी, आल्डर ही सौम्य, कालवाला ती छान. ओक, हिकरी जरा दांडगी, थोडी वापर. चीड, देवदार असलं राळेचं लाकूड अजिबात नको, आणि रंग लावलेलं किंवा फर्निचरचं तर विचारूसुद्धा नकोस.

राहिलं सुकवणं, ते बहुतेक जण गाळतात आणि खरी गंमत त्यातच आहे. वाफवून काढलेलं मांस धुवायचं नाही. वाफवताना जे पाणी सुटतं ते फडक्यातून गाळून घे, त्यातच वाळूचे कण हलकेच हलवून काढ. मग मिठाचं पाणी कर, लिटरला साधारण ५० ग्रॅम मीठ नि २५ ग्रॅम साखर, पूर्ण गार करून त्यात पंधरा मिनिटं, जास्त नाही, कालव मुळातच खारट असतं. मग कागदावर टिपून जाळीवर सुटं सुटं मांड आणि फ्रीजमध्ये उघडं तासभर ठेव, किंवा पंख्यासमोर अर्धा तास. हात लावलास की किंचित चिकट लागलं पाहिजे, पाण्याने ओलं नाही. तो पापुद्रा आला की धूर त्यावर समान बसतो आणि रंग सोन्यासारखा येतो. नाही आला तर ठिपके-ठिपके.

बरणीचं मी बोलत नाही, इथे एकजण आहेत त्यांना ते वाचून झोप यायची नाही, त्यांनाच बोलू द्या 😄

सूक्ष्मदर्शी

काका ओळखलंत बरोबर.

धूरकरी, कपाटातली बरणी विसरा. हे मी नेहमीचं "काळजी घ्या हां" या सुरात सांगत नाहीये, अगदी करूच नका या सुरात सांगतोय. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जीवाणू माती-गाळात सगळीकडे असतो, त्याचे बीजाणू पाणी उकळून मरत नाहीत. त्याला वाढायला काय लागतं तर हवा नसणं, आंबटपणा नसणं, ओलावा असणं आणि ऊब असणं. तुम्ही स्मोक केलेलं कालव तेलात बुडवून झाकण लावून कपाटात ठेवलंत की चारही गोष्टी स्वतःच्या हाताने जमवून दिल्या. जे विष तयार होतं त्याला वास नाही, चव नाही, बरणी फुगलेली असेलच असंही नाही. श्वासाचे स्नायू बंद पडतात. तेल टिकवतं असं आपल्याला वाटतं कारण तेल हवा तोडतं, इथे हवा तोडणं हीच अडचण आहे.

मग दुकानातला डबा कसा राहतो? तो सीलबंद केल्यावर कारखान्यात दाबाखाली १२० डिग्रीच्या आसपास तापवतात, बीजाणू मरतात ते तिथे, धुराने नाही. आता कोणीतरी विचारणारच की घरच्या कुकरमध्ये बरणी घालून करू का, तर नको. कॅनिंगसाठी वेगळा प्रेशर कॅनर असतो, आणि तो असला तरी अमेरिकेतलं नॅशनल सेंटर फॉर होम फूड प्रिझर्व्हेशन स्मोक्ड माशाला वेळ देतं पण बाकीच्या स्मोक्ड सीफूडसाठी सुरक्षित वेळ ठरलेलीच नाही, ते फ्रीझ करा असं स्पष्ट लिहितं. वेळ ठरलेली नाही म्हणजे आपण अंदाजाने ठरवायची नाही.

करायचं काय तर फ्रीजमध्ये ४ डिग्रीखाली, तीन-चार दिवसांत संपवा, तेलात घातलीत तरी तेवढंच, कारण बोट्युलिनमचा एक प्रकार साधारण ३ डिग्रीलाही हळूहळू वाढतो. जास्त दिवस हवी असतील तर तेलाशिवाय एकेक सुटं गोठवून पिशवीत भरा, दोन-तीन महिने चव छान राहते, खायच्या आदल्या रात्री फ्रीजमध्ये उतरवा आणि तेव्हा तेल घाला. डब्यासारखंच लागतं, शपथ.

आणि काकांच्या कृतीत एक माझी भर. शिंपले उघडले की लगेच काढू नका, त्यानंतर वाफेत आणखी ४ ते ९ मिनिटं ठेवा, अशी सीडीसीची, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेची, शिफारस आहे. कालव दिवसभर पाणी गाळत बसतं त्यामुळे पाण्यातलं सगळं त्याच्या पोटात साठतं, व्हिब्रिओ नावाचा जीवाणू असतो, नोरोव्हायरस असतो. व्हिब्रिओ शिजवल्यावर मरतो, नोरो चिवट आहे, त्याला आतपर्यंत ९० डिग्री दीड मिनिट लागतं. लिंबू पिळून, तिखट सॉस ओतून यातलं काहीही मरत नाही. ३० डिग्रीखालचा गार धूर म्हणजे कोल्ड स्मोक काही जण सुचवतील, कालवांना घरी अजिबात नको, ते कच्चंच राहतं. यकृताचा आजार, डायबेटीस, प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी घरात असेल तर त्यांना पूर्ण शिजलेलंच द्यायचं. आणि एक गोष्ट शिजवूनही जात नाही ती म्हणजे शेवाळाचं विष, लाल भरतीच्या वेळी, म्हणजे समुद्रात शेवाळ भरमसाट वाढतं तेव्हा, शिंपल्यांत साठतं ते, म्हणून कालवं तपासणी होणाऱ्या पाण्यातलीच घ्यायची, कुठल्यातरी खडकावरून खरवडून आणलेली नाही.

खारट_बाई

वाचून भीती वाटली बाई, पण सगळं पटलं. तरी एक बोलते, आधी वाफवून मग स्मोक हे मला कधीच आवडलं नाही. दोनदा शिजतं ते. मी कच्चंच फोडते, अर्ध्या शिंपल्यात तसंच ठेवते, त्यातलं पाणी सांडू देत नाही, वर थोडंसं बटर, आणि शिंपल्यासकट जाळीवर. मांस स्वतःच्या पाण्यात उमलतं, इतकं लुसलुशीत की रबर हा शब्द आठवत नाही. धूर फक्त वरून लागतो हे खरं, खालची बाजू फिकी राहते, पण मला ते चालतं, मला धूर खायचा नसतो मला कालव खायचं असतं.

अंगठा का कापला माहितीये? तू धारदार सुरी घेतलीस. कालव फोडायची सुरी आखूड, जाड आणि बोथट असते, ती कापत नाही, उचकटते. हातात जाड हातमोजा, शिंपला दुमडलेल्या फडक्यात धर, सपाट बाजू वर, निमुळत्या टोकाला जिथे दोन्ही शिंपा जोडलेल्या असतात ते बिजागर, तिथे टोक रुतव आणि किल्ली फिरवल्यासारखं पीळ. टक् असा आवाज येतो. मग सुरी वरच्या शिंपीला घासून आत सरकवून स्नायू काप, झालं. पहिल्या डझनाला अर्धा तास लागेल. शंभराव्याला दहा सेकंद.

सूक्ष्मदर्शी

ताई तुमच्या पद्धतीला विरोध नाही पण तिथे थर्मामीटर टोचून बघाच. कच्चं फोडून ९० डिग्रीच्या ग्रिलवर ठेवलं तर मांस तेवढं गरम व्हायला बराच वेळ जातो, बटर वितळलं म्हणजे शिजलं नव्हे. शेवटची पाच-सात मिनिटं आच चढवून शिंपल्यातलं पाणी खदखदू द्या.

खारट_बाई

खदखदतं हो. कडा चुरगळून झालर झाली की मी काढते, त्याआधी नाही. पण टोचून बघेन, तुमच्या समाधानासाठी.

धुराडेकाका

खारट तुमची पद्धत गरमगरम खायला एक नंबर. पण त्याला बरणी हवी, डब्यासारखं हवं, त्याला सुटं मांसच लागणार, सगळीकडून धूर लागलेलं. दोन वेगळे पदार्थ आहेत हे, भांडू नका 😄 आणि सूक्ष्मदर्शींची मिनिटं मान्य, मी इतकी वर्षं उघडलं की उचलत होतो, आता चार मिनिटं धरतो. त्याहून जास्त धरलं तर मला पोत जातो असं वाटतं, पण ते माझ्या जिभेचं झालं.

कढईवाली

ज्यांच्याकडे अंगण नाही ग्रिल नाही त्यांच्यासाठी. मी गॅसवर करते, जाड लोखंडी कढई, आत दुहेरी फॉइल, त्यावर कोरडी चहापत्ती, मूठभर कच्चे तांदूळ आणि दोन चमचे साखर, वर पायांवर उभी राहणारी जाळी, जाळीवर वाफवून सुकवलेली कालवं, गॅस मोठा, धूर दिसायला लागला की घट्ट झाकण, कडेला फॉइल दाबून, गॅस मध्यम, आठ मिनिटं, मग गॅस बंद आणि झाकण न काढता आणखी दहा मिनिटं. साखर जळली की रंग येतो, पण जास्त झाली तर कडवट, दोन चमच्यांवर जाऊ नका. इथे धूर कालवांना शिजवत नाही नुसती चव लावतो, म्हणून आधी पूर्ण वाफवलेली हवीत. नॉनस्टिक भांडं चुकूनही नको, रिकामं तापलं की त्याच्या थराचा विषारी वाफारा निघतो. खिडक्या उघड्या, एक्झॉस्ट फुल, आणि स्मोक अलार्म वाजणार आहे हे धरूनच चाला.

आणि मागे एकजण विचारत होता की कोळशाची शेगडी घरात घेऊन खिडकी उघडी ठेवली तर चालेल का. नाही चालणार. कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही, माणूस झोपल्यासारखा जातो.

उगाच_एक

सहा डझन कालवं, एक अंगठा, एक बायको. डबा स्वस्त पडला असता.

नवा_धूरकरी

😂 खरंय. आणि बादलीतली सगळी टाकली काका, एकही मिटलं नाही, वासही यायला लागला होता. बरणीचं वाचून मात्र खरंच घाम फुटला, मी बरणी धुवून वाळत घातली होती. लाकूड चेरीचं होतं, म्हणजे लाकूड निर्दोष, आरोपी मी.

एक विचारतो, धूर पातळ निळा झालाय हे ओळखायला किती वेळ वाट बघायची, चिप्स टाकल्या की दरवेळी आधी पांढराच येतो ना?

धुराडेकाका

येतो, पण थोडा वेळच. आधी कोळसे पूर्ण राखाडी होऊ दे, काळे कोळसे स्वतःच घाण धूर करतात. मग मूठभर चिप्स, झाकण, वरचं व्हेंट उघडं, आणि कालवं बाहेरच ठेवून बघत बस. पाचेक मिनिटांत पांढरा ओसरतो. मग कालवं आत. नंतर दर वीस-पंचवीस मिनिटांनी अर्धी मूठ, ओंजळभर नाही. पहिली चाळीस मिनिटं धूर दिलास तरी पुरतं, पुढे नुसती आच चालते, धूर सगळा वेळ लागतोच असं नाही हे कळायला मला फार वर्षं गेली. आणि जाळीला तेल पुस.

नवा_धूरकरी

रिपोर्ट देतो. तीन डझन घेतली, ओल्या फडक्याखाली ठेवली, सगळी मिटलेली. वाफवली, उघडल्यावर घड्याळ लावून पाच मिनिटं, दोन उघडली नाहीत ती सरळ कचऱ्यात. मिठाचं पाणी पंधरा मिनिटं, फ्रीजमध्ये सव्वा तास उघडी, हात लावला तर खरंच चिकट लागली, तेव्हाच जरा विश्वास आला. ग्रिल ९५ वर धरताना नाकी नऊ आले, एकदा ११५ वर गेलं, खालचं व्हेंट बोटभर ठेवलं तेव्हा बसलं. शेजारी या वेळी आले नाहीत.

जाळीला तेल पुसायचं विसरलो. वाचलं होतं तरी विसरलो. सहा-सात कालवांचा खालचा पापुद्रा जाळीवरच राहिला, ती फाटकी तिथेच उभ्याउभ्या खाल्ली. एक तास दहा मिनिटांनी बाकीची काढली. रंग मधासारखा, कडा गडद, आत मऊ. कडू नाहीत. अजिबात. फक्त काढल्या काढल्या धूर जरा पुढेपुढे वाटला, आपण धूर खातोय आणि मागून कुठूनतरी कालव येतंय असं.

धुराडेकाका

तो बसतो. झाकून फ्रीजमध्ये एक रात्र जाऊ दे, धूर आत मुरतो आणि टोक बोथट होतं. ताजंताजं खाऊन मत बनवू नकोस.

नवा_धूरकरी

काल रात्री काढली. तुम्ही म्हणालात तसंच, मऊ झाली चव. निम्मी, लसूण-मिरे न घालता नुसतं तेल घालून फ्रीजमध्ये, डब्यावर तारीख लिहिलीय, गुरुवारच्या आत संपवायची, निम्मी सुटी गोठवलीत. बायकोने दोन खाल्ली आणि तिसरं घेताना म्हणाली मीठ कमी आहे. पुढच्या वेळी मिठाच्या पाण्यात वीस मिनिटं करू का, की मीठ वाढवू?

खारट_बाई

मीठ वाढवू नकोस, मिनिटं वाढव. आणि वाफवलेलं गाळलेलं पाणी फेकलंस ना? नळाच्या पाण्याऐवजी त्यातच मीठ घाल, मग मीठ कमीच लागेल, आधी चाखून बघ.

नवा_धूरकरी

फेकलं 🤦

धुराडेकाका

सगळेच एकदा फेकतात. चेरीच्या चिप्स संपल्या असतील तर पुढच्या खेपेला ओक घेऊन बघ, पण निम्म्या.